पैसे टाकून जे मिळत नाही, तेवढंच द्या: आमदार-खासदारांना एक खुलं पत्र

महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या समस्त आमदार-खासदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दर निवडणुकीला तुम्ही लोकं जाहीरनामा काढता आणि देशाला काय काय मिळणार ते त्यात लिहिता. म्हटलं एकदा उलटं करून बघावं, देशात काय नाहीये आणि आम्हाला काय हवंय याची यादी आमच्याकडून तुम्हाला. घाबरू नका, यादीत चंद्र वगैरे काही नाही, तिथे आपण ऑगस्ट २०२३ मधेच उतरलो आणि त्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधे पेढे मीच वाटले होते. माझ्या यादीतल्या गोष्टी एकदम साध्या आहेत, इतक्या साध्या कि त्या मागताना पण जरा लाजल्यासारखं होतं.

मी एका मध्यमवर्गीय सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्या कमिटीच्या मीटिंगमधे विषय काय असतात बघा. टँकरवाल्याने रेट वाढवला, ऐन उन्हाळ्यात त्याला नाही म्हणता येत नाही. बोअरची मोटर जळली. जनरेटरचं डिझेल संपत आलं. वॉचमनची एजन्सी बदलायची का. ओल्या कचऱ्याचं मशीन बंद पडलंय आणि वास येतो म्हणून ए विंगवाले भांडतायत. गेटबाहेरचा रस्त्यावरचा दिवा कितीतरी महिने बंद होता, शेवटी आमचीच वायर ओढून आमचाच दिवा लावला. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी पार्किंगमधे शिरतं म्हणून गटाराला जोडलेला पाईपसुद्धा मेंटेनन्सच्या पैशातून. म्हणजे हिशोब केला तर आम्ही एक छोटी नगरपालिकाच चालवतोय, फरक इतकाच कि आमच्याकडे निवडणूक वेळेवर होते.

हो, हा टोमणाच आहे. मुंबई आणि पुण्यासकट कितीतरी महापालिकांची मुदत मार्च २०२२ मधे संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने थेट घटनेत लिहून ठेवलंय, आणि तरी मतदान झालं जानेवारी २०२६ मधे. मधली जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकांकडे. नगरसेवकच नाही, मग गटार तुंबलं तर फोन करायचा कोणाला, हे लोकं व्हॉट्सॅप ग्रुपवर एकमेकांनाच विचारत होते. त्या चार वर्षांत तुमच्यापैकी किती जणांनी यावर सभागृह डोक्यावर घेतलं ते तुमचं तुम्हाला माहिती.

असो. मुद्दा असा आहे कि आपल्याकडे जे सरकारकडून नीट मिळत नाही ते ज्याला परवडतं त्याने गपचूप विकत घेऊन टाकलंय. नळाचं पाणी पिववत नाही, आरओ बसवला. लाईट जाते, इन्व्हर्टर घेतला. शाळेचा भरवसा नाही म्हणून प्रायव्हेट शाळा, आणि तीपण पुरत नाही म्हणून वर क्लास. सरकारी दवाखान्यात रांग म्हणून मेडिक्लेम. बस येत नाही म्हणून टू व्हीलर, मग मुलासाठी दुसरी टू व्हीलर, मग ईएमआयवर कार. कंपन्यांनी तर कोर्टाला पण पर्याय शोधला, करारात लवादाचं कलम टाकलं कि झालं, बांधावरून भांडणारा शेतकरी मात्र तारखा घेत बसतो आणि निकाल नातू ऐकतो. (दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मधे सांगितलं होतं. आपण अजून विशीच्या जरा पुढे आहोत.) आणि एकदा विकत घेतलं कि माणूस तक्रार करायचा थांबतो हो. जो अर्ज लिहू शकत होता, ऑफिसात जाऊन साहेबांना जाब विचारू शकत होता, तोच रांगेतून बाहेर पडला, आणि रांगेत उरले ते ज्यांचं कोणी ऐकून घेत नाही. तुमचं काम त्यामुळे सोपं झालंय, हे तुम्ही खाजगीत मान्य कराल.

आता तर सरकारनेच हा रस्ता धरलाय. दवाखाना सुधारण्यापेक्षा विम्याचं कार्ड द्यायचं, ते घेऊन लोकांनी प्रायव्हेटमधे जायचं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं कि सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मधे, म्हणजे कोविड चालू असताना सुद्धा, तो १.८४ टक्के होता, आणि देशात आरोग्यावर जो काही एकूण खर्च झाला त्यातला ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मधे हाच आकडा ६४.२ होता, सुधारणा आहे, तेही लिहिते, म्हणजे मला लगेच कोणत्या पक्षाची ठरवायला नको.

तसंच लाडक्या बहिणीचं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येतात, त्यांना त्याचा खरंच आधार आहे, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या दोन काकांशी माझं ग्रुपवर चांगलं वाजलं पण आहे. पण त्या १५०० रुपयांत मावशींना त्यांच्या वस्तीपासून आमच्या गेटपर्यंत चालायला फुटपाथ नाही ना घेता येत.

फुटपाथ तर आमच्या सोसायटीतल्या सगळ्यात श्रीमंत माणसालाही घेता येत नाही. माझ्या यादीत फक्त अशाच गोष्टी आहेत. बाकीचं आम्ही रडतखडत विकत घेतलंय, त्याचं भांडण परत कधीतरी. जे कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही, जे सगळ्यांसाठी असेल तरच असतं नाहीतर कोणालाच नसतं, तेवढं द्या.

पहिला नंबर फुटपाथचाच, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण यावर कोणी मोर्चा काढत नाही. आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत चला माझ्याबरोबर. सुरुवातीला फुटपाथ इतका उंच कि गुडघे दुखणारा माणूस चढूच शकत नाही, तो रस्त्यावरूनच जातो. चढलात तर शेजारच्या बिल्डिंगचा रॅम्प येतो, उतरा. परत चढा. मग लाईटची डीपी, तिचं दार कायम उघडं, त्यामुळे अंग चोरून जायचं. मग गळ्यापर्यंत सिमेंट ओतलेलं झाड. मग केबल टाकायला काढलेले पेव्हर ब्लॉक, ते परत लावलेत पण पाऊस पडून गेला कि त्यावर पाय दिला कि खालचं पाणी पिचकारीसारखं साडीवर. मग भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू. आणि मग एक सुंदर सिमेंटचा बाक, पाठीवर 'यांच्या निधीतून' आणि पुढे मोठं नाव, फुटपाथच्या बरोब्बर मधोमध. त्यावर बसलं तर समोर कचऱ्याचा कंटेनर दिसतो. बाकाच्या पुढे गाड्या लावलेल्या, आणि त्यांच्या पुढे फुटपाथ संपतो. वळत नाही, उतरत नाही, नुसता संपतो, खाली उघडं गटार. संध्याकाळी ट्रॅफिक जॅम झाला कि याच फुटपाथवर मागून स्कूटर येऊन आपल्यालाच हॉर्न मारते.

बरं नियम नाहीत असं पण नाही. रस्त्यांचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिची पादचाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असं लिहिलंय. १५० मिलिमीटर म्हणजे अर्धा फूट, वीतभर पण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मधे सांगितलं कि चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक नियम करायला दोन महिने दिले. कोर्ट उगीच जगण्याबिगण्याचं बोललं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला जवळपास नव्वद. एवढी माणसं एखाद्या विमानात बसलेली असती तर रोज संध्याकाळी चॅनेलवर दुसरा विषय नसता.

फेरीवाल्यांना हाकला असं मी म्हणत नाहीये, ते आधीच सांगून ठेवते, कारण फुटपाथ म्हटलं कि तुमचा पहिला हात त्यांच्यावरच पडतो. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, शहरात त्यांची नगर पथविक्रेता समिती असायला हवी, जागा आखून द्यायला हव्यात. भाजीवाल्या बाईच्या पाटीला बाजूने जाता येतं, डीपीला नाही जाता येत.

दुसरी गोष्ट बायकांसाठीचं स्वच्छतागृह. इथे पुरुष वाचक मंडळी मोबाईल खाली ठेवतात, ठेवू नका. बाजारात दिवसभरासाठी जायचं असेल तर सकाळपासून पाणी कमी प्यायचं, हे आम्हाला आईने शिकवलं आणि आम्ही न शिकवता आमच्या मुली शिकल्या. कुठल्या भागात मॉल आहे, कुठल्या पेट्रोल पंपावरचं बरं आहे, कुठल्या हॉटेलात एक चहा घेतला कि जाऊ देतात, असा नकाशा प्रत्येक बाईच्या डोक्यात असतो. पैशाने सुटण्यातला प्रश्न नाही हा, पर्समधे पाचशेच्या नोटा असल्या तरी भर बाजारात करणार काय. आणि जिथे स्वच्छतागृह आहे तिथे त्याला कुलूप. किल्ली कोणाकडे तर समोरच्या टपरीवाल्याकडे, म्हणजे चार लोकांसमोर उभं राहून भाऊ किल्ली द्या म्हणायचं. आत गेलं तर कडी नाही, एक हात दाराला. आपल्या मुंबईत २०११ पासून बायकांनी राइट टू पी नावाने यावर चळवळ चालवली, आणि मागणी काय होती तर पुरुषांना मुतारी फुकट आणि आम्हाला पैसे का, एवढी साधी. देशातल्या कोर्टांच्या आवारात तरी सगळ्यांसाठी धड स्वच्छतागृहं असावीत यासाठी जानेवारी २०२५ मधे सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. जिथे आपण न्याय मागायला जातो तिथली ही गत, मग भाजी मंडईचं काय सांगू.

तिसरी गोष्ट कदाचित तुम्हाला विचित्र वाटेल. बसायला जागा. म्हणजे काही विकत न घेता, कोणी उठवेल ही भीती न बाळगता, चार तास शांत बसून वाचता येईल अशी जागा. आमच्या भागात स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलामुलींनी गल्ल्या भरल्यात. गावाकडून येतात, एका खोलीत चौघं राहतात, आणि अभ्यासाला अभ्यासिका लावतात. लावतात म्हणजे महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, समोर प्लायवूडचा तुकडा, एक प्लग पॉईंट, एसीची असेल तर भाडं जास्त. माझ्या डोळ्यासमोर एका तळघरातल्या पार्किंगची अभ्यासिका झाली, एकच दार. आता गंमत बघा, देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा याच मातीत झाला, कोल्हापूर संस्थानात, १९४५ मधे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६७ चा आहे. गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं आहेत आणि सरकार त्यांना अनुदान देतं, पण ते अनुदान इतकं तुटपुंजं आणि इतकं उशिरा कि ग्रंथपाल बिचारा संध्याकाळी दोन तास दार उघडून ट्यूबलाईटचा खर्च वाचवत बसतो. इमारती आहेत, नावं थोरामोठ्यांची आहेत, फक्त सकाळी सात ते रात्री अकरा उघडं राहायची सोय नाहीये. याला किती पैसे लागतात? बुलेट ट्रेनचा अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा होता, मी त्याच्या विरोधात नाही, बसेन पण कदाचित. मला फक्त आकडे शेजारी ठेवून बघायचेत.

बसवरून आठवलं, एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं केलंत, माझी मावशी आता महिन्याआड बहिणीकडे जाऊन येते. पण अर्ध्या तिकिटाची गाडी येणार कधी ते कोणी सांगत नाही. स्टँडवर चौकशी खिडकीत विचारलं तर उत्तर येतं, लागली कि कळेल. घरात बसून जेवण कुठे पोचलं ते मोबाईलवर दिसतं आणि चाळीस माणसांची गाडी कुठे आहे ते स्टँडवर कोणाला सांगता येत नाही.

हवेबद्दल दोनच ओळी. प्युरिफायर एका खोलीपुरता असतो आणि श्वास सगळीकडे घ्यावा लागतो. २०१९ मधे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरु झाला तेव्हा २०२४ पर्यंत धूळ २० ते ३० टक्के कमी करायचं ठरलं होतं, नंतर ते २०२६ पर्यंत ४० टक्के झालं. आमच्या समोरच्या साईटवर आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, ट्रक रात्री दोनला येतात, हिरवी जाळी एकाच बाजूला, जी बाजू मेन रोडवरून दिसते ती.

आता तुम्ही म्हणाल ताई, हे बोलायला सोपं आहे, आपला देश मोठा, लोकसंख्या बघा. हे कारण मला पटत नाही कारण आपल्याच देशात, आपल्याच कंत्राटदारांकडून आणि आपल्याच अधिकाऱ्यांकडून या गोष्टी झालेल्या आहेत. कराडजवळचं मलकापूर, सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, तिथे चोवीस तास नळाला पाणी सुरु झालं त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली, मीटर बसवून, जेवढं वापराल तेवढं बिल. ओडिशात पुरीला २०२१ पासून नळाचं पाणी थेट प्यायचं केलंय, रथयात्रेला लाखो माणसं येतात त्या पुरीला. पुण्यात २०१६ मधे पादचारी धोरण झालं आणि जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ असा केला कि लोकं तिथे मुद्दाम चालायला जातात, आजीआजोबा बसलेले असतात, पोरं खेळत असतात. लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी तिथे बायका रस्त्याच्या मधोमध चालताना बघा, चेहरे बघण्यासारखे असतात. म्हणजे येतं आपल्याला. एका रस्त्यावर येतं, एका गावात येतं, मग बाकीकडे का नाही?

माझ्या मते कारण तुमच्या निधीच्या रचनेतच आहे. खासदाराला वर्षाला पाच कोटी स्थानिक विकास निधी, आमदारांचा वेगळा. खासदार निधीचं मूळ सूत्र काय तर टिकाऊ सामूहिक मालमत्ता उभी करणं. म्हणून बाक येतो, स्वागत कमान येते, ओपन जिम येते, स्वच्छतागृहाची इमारत येते. पण स्वच्छतागृहात दिवसभर बसणारी बाई, तिचा पगार, फिनेल, बल्ब, कडी, हे मालमत्ता नाहीत. त्याला पाटी लावता येत नाही आणि फीत कापता येत नाही. पेव्हर ब्लॉक बसवायचं टेंडर निघतं, उखडलेला एक ब्लॉक परत बसवायचं टेंडर निघत नाही, मग सगळाच फुटपाथ उखडायची वाट बघायची. आमच्या सोसायटीत बिल्डरने दिलेली लिफ्ट चालू आहे ती फक्त एएमसीमुळे, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारामुळे, दर तीन महिन्याला कंपनीचा मुलगा येतो, तेल घालतो, सही घेऊन जातो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे, आणि प्रत्येकाने आपल्या मतदारसंघापुरतं केलं तरी चालेल. येत्या वर्षाच्या निधीतून नवीन काही बांधू नका. एक रस्ता निवडा, शाळा ते दवाखाना किंवा स्टँड ते बाजार, आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाबागाडी घेऊन जाणारी बाई, काठी टेकणारा म्हातारा आणि व्हीलचेअरवरचा माणूस फुटपाथवरून खाली न उतरता जाईल असा करा. डीपी हलवायची असेल तर महावितरणशी भांडण तुम्ही करा, आमचं ते ऐकत नाहीत. त्या रस्त्यावर बायकांसाठी एक स्वच्छतागृह, कुलूप नसलेलं. तालुक्याच्या गावातलं एक ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं. आणि या तिन्हींच्या देखभालीला दरवर्षी किती पैसे, कोणाच्या सहीने, कुठल्या खात्यातून, ते सभागृहात विचारून लेखी घ्या. तुमची पाटी लावायची असेल तर खुशाल लावा, माझी काही हरकत नाही, फक्त ती देखभालीची लावा, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली आणि पुढची कधी, आणि खाली तुमचा मोबाईल नंबर. बाक जरा भिंतीकडे सरकवला तर बरं होईल.

उत्तर पाठवायची इच्छा झाली तर जरूर पाठवा, दोन ओळींचं चालेल. फक्त 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे नको, ते आमच्या कमिटीच्या फाईलमधे बरंच साठलंय.

कळावे,
एका सोसायटीची सेक्रेटरी